कॅमेरे गेल्यानंतरचं जेवण

प्रिय हेदर,

फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. रविवारी नुसतं "आईला बरं नाही" एवढंच म्हणालो आणि ठेवला. म्हणून लिहायला बसलो. ग्रिम्सबीत आज दाट धुकं आहे.

परवा टीव्हीवर तो नावाजलेला शेफ डॉमिनिक दिसला. केस पिकलेत, पण अजून तसाच बाह्या सरसावून देशाला जेवायला शिकवतोय. तुझी आई ज्या शाळेत स्वयंपाक करायची, तिथल्या स्वयंपाकघरात कॅमेरे घेऊन आला होता, तोच. गोठवलेल्या चिकनच्या वड्या नाचवत त्याने विचारलं, "हे घालता लेकरांना?" तुझी आई, आपली मॅव्हिस, भडकली. "पोरं चिप्सच खाणार, बाबा! तुझा हा सॅलडचा पाला वाढला तर उपाशी घरी जातील." साऱ्या देशाने एवढंच पाहिलं. पुढचं टीव्हीवाल्यांनी कापलं. ती म्हणाली होती, "मला बरं सामान दे, थोडा वेळ दे. मग पालाही खायला लावते की नाही बघ."

मग बाजारात बायका हाका मारायच्या, "काय गं मॅव्हिस, आज कसलं विष शिजवलंस?" ती हसून पुढे जायची आणि घरी येऊन अंगातला कोटही न काढता बसून राहायची. तू तेव्हा कॉलेजात होतीस. टीव्ही बघताना मैत्रिणींना "मी हिला ओळखत नाही" म्हणालीस, हे तू मला रडत सांगितलंस. मी तिला कधीच कळू दिलं नाही. पण तुझं येणंजाणं कमी होत गेलं, ते तिला दिसतच होतं.

पुढचं तुला माहीत नाही. त्या कार्यक्रमामुळे सामान खरंच सुधारलं. ते श्रेय त्याचं, असं तीही म्हणायची. मग तिने मासे, बटाटा आणि कांद्याची पात घालून फिश पाय भाजला आणि पोरांशेजारी बाकावर जाऊन बसली. "एक घास खा. नाही आवडला तर ओत माझ्या डोक्यावर!" एका पोरीने खरंच ओतला. आई इतकी हसली, की जेवणाचा अख्खा हॉल हसला. हळूहळू पोरं परत मागायला लागली. ते टिपायला कॅमेरे नव्हते. मग वर्षभरात स्वयंपाकघरच बंद झालं. जेवण बाहेरून गाडीने यायला लागलं. शेवटच्या दिवशी स्वच्छ ओटा ती पुसतच राहिली.

हेदर, तिला अर्धांगाचा झटका आलाय, इस्पितळात आहे. बोलणं गेलंय, घास गिळवत नाही. काल मी चमच्याने थोडं कस्टर्ड भरवायला गेलो, तर डॉक्टरीणबाई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आता आग्रह करू नका." पोरी, अख्ख्या शाळेला जेवू घातलेली बाई ही. दार वाजलं की ती मान वळवते. नर्स असते. मग पुन्हा भिंतीकडे बघते. तिच्या मनात राग नाही, कधीच नव्हता. पत्र मिळताच मिळेल त्या गाडीने निघ.

तुझाच,
बाबा