मंजुषाच्या चित्राला लावलेलं कुंकू

पुसद, २२ जानेवारी १९६४

वन्सं,

शनिवारी, अठरा तारखेला, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी माझ्या घरच्या हळदीकुंकवात तुम्ही खोटं बोललात.

मंजुषाची मी काढलेली नऊ चित्रं भिंतीवर होती. कुठे ती कान झाकून बसलेली, कुठे तासभर तुरीचे दाणे ओळीत मांडणारी. ही मुलगी वेडी नाही, तिला जग फार मोठ्यानं ऐकू येतं, एवढंच मला बायकांना सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, तोच तुम्ही म्हणालात, "हिच्या अंगात देवी येते." तुमच्या सुनीतीचं लग्न जमतंय. घराण्यात वेड नको, देवी चालते!

मथुराबाईंनी लगेच चित्रातल्या कपाळाला कुंकू लावलं. "कान काहून झाकते, ते आता समजलं माय," म्हणत पाया पडल्या.

कॉन्व्हेंटमध्ये खरं बोलायला शिकले, नोकरी सोडेपर्यंत शाळेत तेच शिकवलं. तरी त्या दिवशी मी गप्प बसले. बारा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मुलीला कोणी हसलं नव्हतं. याआधी तुम्हाला लिहिलेली दोन पत्रं त्यामुळेच पोस्टात टाकली नाहीत.

आता ३१ तारखेच्या शुक्रवारी बायका डफ घेऊन तिला कौल विचारायला येणार आहेत. पहिल्या थापेलाच ती भिंतीवर डोकं आपटेल.

तुमचं खोटं स्वतःच्या सहीनं मागे घ्या. मी ते पत्र बायकांना वाचून दाखवीन, माझं गप्प बसणंही कबूल करीन. लेखी उत्तर २९ तारखेला दुपारी बाराच्या आत हवं.

मंजुषाची आई