आबासाहेबांना मारल्याबद्दल

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
निवेदिताने लायब्ररीतून कादंबरी आणली. म्हणाली, आई, एका कुटुंबाच्या पुस्तकांच्या दुकानाची गोष्ट आहे, तुम्हाला आवडेल. सुनेने आणली म्हणून वाचायची. आवडायची की नाही ते मी ठरवेन.
पंचवीस पानं वाचली. नाही आवडली. नाव इथे लिहिणार नाही, तेवढीच त्या लेखकाची जाहिरात.
मागच्या बाजूला त्याचा फोटो. हनुवटीला हात लावून विचार करतोय. श्रीरामपूरला आमचं दुकान होतं तेव्हा हनुवटीला हात लावायला मला कधी सवड मिळाली नाही. हे गेले, दुकान बंद झालं, मी इथे नगरला, सावेडीत अनीशकडे आले. आता तीन वर्षं सवडच सवड आहे, तरी मी तशी बसत नाही.
उद्या पुस्तक परत करणार.

४ नोव्हेंबर
परत केलं नाही. गुडघा दुखत होता. म्हटलं, घरात आहे तोवर चुका किती आहेत ते तरी बघावं.
दुकानात म्हणे शांतता. गिऱ्हाईक खुर्चीत बसून वाचतं. आमच्याकडे जूनमध्ये काउंटरपुढे ही गर्दी, आणि प्रत्येकाला पाचवीचा संच आत्ताच्या आत्ता हवा. खुर्ची होती एक. तिच्यावर खाकी कागदाचे रोल.
आबासाहेब म्हणून मालक आहे. दिवसभर कवितांची पुस्तकं विकतो. गाईड नाहीत, शंभरपानी वह्या नाहीत, कंपास नाही. बिचारा जगतो कशावर?
आणि इतकी पानं झाली तरी अभ्यासक्रम एकदाही बदलत नाही. पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत जात नाहीत. दुकान आहे की देऊळ?
संताप आला. न जेवता झोपणार होते, पण मुगाची खिचडी होती.

५ नोव्हेंबर
आबासाहेबाची बायको सुकन्या. घरातून थर्मासमध्ये चहा पाठवते. बस. दुकानात पाय ठेवत नाही.
आमचे हे दुपारी जेवून आडवे व्हायचे, तेव्हा दुकान कोण सांभाळायचं? खर्डा गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले मी. पुढचं सगळं शिक्षण रोजच्या त्या दुपारीत झालं. हे म्हणायचे, वाच खुशाल, पण पुस्तक विकायचंय, कणा मोडू नकोस. म्हणून मी पुस्तक चार बोटांएवढंच उघडायची आणि मान वाकडी करून आत डोकावून वाचायची. शेकडो कादंबऱ्या अशा वाचल्या आणि नव्या म्हणून विकल्या. अजूनही तशीच वाचते. अनीश म्हणतो, आई, तू पुस्तक वाचतेस की त्याच्यावर पाळत ठेवतेस?
लेखकाला पत्र लिहिणार. कडक.

८ नोव्हेंबर
पत्र सुरू केलं. 'महाशय' एवढं लिहून झालं. पुढचं लिहायचं तर पुढचं वाचायला हवं.
आबासाहेबांना खोकला झालाय. सुकन्याचं लक्ष नाही. वर त्यांना पहाटेच्या एसटीने एकटं पुण्याला माल आणायला पाठवलं. अंगात स्वेटर नाही. मला त्या माणसाशी काही देणंघेणं नाही. पण स्वेटर?
मी हे मोठ्याने बोलत होते म्हणे. पोळ्या करायला बनुबाई आली होती, तिने विचारलं, कुनाला बोलताय? सांगितलं, पुस्तकातल्या बाईला. म्हणाली, येवढं वंगाळ हाय तर ठिवा की बाजूला. ती बाई काय ऐकती व्हय तुमचं?
बनुबाईला वाचनातलं कळत नाही.

११ नोव्हेंबर
आबासाहेबांना दवाखान्यात हलवलं. सलाईन लावलं. प्रकरणाच्या शेवटी डॉक्टर सुकन्याला म्हणतात, जरा बाहेर या.
पुस्तक मिटलं.
डॉक्टर बाहेर कशाला बोलावतात ते मला कादंबरीकाराने शिकवू नये. नगरच्या दवाखान्यात मलाही बोलावलं होतं.
पुढे वाचायची गरज नाही. वाचकाला रडवायला चांगला चालताबोलता माणूस मारायचा, एवढीच यांची करामत. मी रडले नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय.
उद्या नक्की परत.

१२ नोव्हेंबर
परत केलं नाही. चुका नीट टिपल्याशिवाय परत करणं बरोबर नाही, म्हणून पहिल्यापासून वाचायला घेतलं. पहिल्या पानावर आबासाहेब शटर वर करतात. दोन्ही हातांनी, गुडघ्याचा रेटा देऊन. तेवढं बरोबर लिहिलंय.
निवेदिता म्हणाली, आई, पुढे वाचा ना, पुढे तर... तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, पुढचं मला ठाऊक आहे.

१५ नोव्हेंबर
सरोजिनीबाईंचा फोन. या रिटायर्ड मुख्याध्यापिका, आता लायब्ररीचा वाचनकट्टा चालवतात. आवाज अजून प्रार्थनेच्या वेळचा. म्हणाल्या, तेवीस तारखेला कट्ट्यावर हीच कादंबरी आहे, लेखक पुण्याहून व्हिडिओवर येणार आहेत. तुमच्या विष्णुपंतांचं दुकान श्रीरामपुरात सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा तुम्हीही कौतुकाचे दोन शब्द बोला.
कौतुकाचे. हो म्हटलं.
पत्र रद्द. तोंडावरच सांगते.

१८ नोव्हेंबर
तयारी जोरात. पहिला भाग तिसऱ्यांदा वाचतेय. डॉक्टर आले की मागे फिरायचं, एवढी शिस्त पाळलीय. चुका आता नव्या सापडत नाहीत, पण वाचणं थांबवून चालणार नाही. आबासाहेबांचा पुडकं बांधायचा दोरा दातांनी तोडायचा प्रकार मला पसंत नाही. हेही तसंच करायचे. किती वेळा सांगितलं, कात्री समोर आहे.
अनीशला भाषण म्हणून दाखवलं. म्हणाला, आई, हे भाषण आहे की फिर्याद? शेवट वाचलास ना? म्हटलं, जन्म पुस्तकांत गेलाय माझा, हातात घेतलं की कळतं. निवेदिता काहीतरी बोलणार होती. तिला म्हटलं, आमटी उतू जातेय.
जात नव्हती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
भाषण पाठ. शेवटचं वाक्य: तुम्ही आबासाहेबांना मारलंत, त्याचा जाब द्या.
आवाज कापणार नाही. कापण्यासारखं काही नाहीच.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
सभा चांगली झाली.
लेखक भिंतीवरच्या पडद्यावर, हा एवढा मोठा. मी उठले. थर्मास, स्वेटर, अभ्यासक्रम, काही सोडलं नाही. मध्येच लेखक हात हलवायला लागला. तोंडही हलत होतं, आवाज नाही. लोक त्याला ओरडून सांगत होते, सर, तुमचा माइक बंद आहे. मी थांबले नाही. मला वाटलं, उत्तर सुचत नाही म्हणून हातवारे चाललेत.
शेवटी म्हटलं, साध्या खोकल्याचा माणूस. दोन दिवसांत घरी सोडतो म्हणून सांगितलेलं. घरी त्याचं अंथरूण घालून ठेवलेलं. आणि तुम्ही त्याला परत येऊ दिलं नाहीत.
हे भाषणात नव्हतं. कुठून आलं कोण जाणे.
तेवढ्यात माइक सुरू झाला. लेखक म्हणाला, काकू, आबासाहेब मरत नाहीत हो. पुढच्याच प्रकरणात घरी येतात.
मागे कोणीतरी हसलं. सरोजिनीबाईंनी तिकडे नुसतं पाहिलं. हसणं बंद.
मी विचारलं, मग डॉक्टरांनी बाहेर कशाला बोलावलं?
तो म्हणाला, पथ्य सांगायला.
पथ्य.
खाली बसले. निवेदिताने पाण्याची बाटली पुढे केली. परत येताना स्कूटरवर तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, आई, तुम्ही सांगू कुठे दिलंत. मग दिल्ली गेटपर्यंत उगाच फिरवून आणलं तिने मला. म्हणाली, हवा छान आहे.
बाकी मुद्दे माझे बिनतोड होते. अभ्यासक्रमावर लेखकाला शेवटपर्यंत उत्तर देता आलं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार
लेखकाचा राग कालच्यापेक्षा जास्त आहे. माणूस घरी आणणं इतकं सोपं? प्रकरण संपलं, दुसरं सुरू झालं, आला घरी. मग आमच्याच वेळी काय झालं होतं?
पुस्तक आज परत करायचंच होतं. पिशवीत घातलं. सरोजिनीबाईंचा फोन आला, राहू द्या तुमच्याकडे, बाकीचे थांबतील. म्हटलं, मला नकोय ते. रिक्षा दाराशी आली. मी बनुबाईला खाली पाठवलं, सांग त्याला, आज जमत नाही. तिने कारण विचारलं. मी दिलं नाही.
दुपारी पुढचं प्रकरण उघडलं.
आबासाहेब घरी आले. वाळलेत खूप, पण आपल्या पायांनी चालत आले. उंबऱ्यात चपला काढतायत, तोच सुकन्या सुरू. मधले दिवस दुकान तिनेच सांभाळलं म्हणे. दुकानात कोण कोण येऊन गेलं, कुठला माल संपला, गल्ल्याची किल्ली कुठे सापडत नाही.
काय बाई आहे ही. एवढ्या दुखण्यातून माणूस घरी आलाय. त्याला जरा बसू तरी दे.