इंजिन ठणठणीत होतं

प्रिय ताई,

परवाचा तुझा फोन मी मधेच ठेवला. समोर मालक उभे आहेत म्हणालो, ते खोटं होतं. समोर कुणीच नव्हतं. तुझ्याशी बोलताना मला खोटं धड जमत नाही. लहानपणी डब्यातली साखर खाल्ली तरी तू माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचीस. कागदावर तोंड दिसत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही सगळे मजेत असाल अशी सुरुवात करायची असते, पण तू मजेत नाहीस हे मला ठाऊक आहे. शिलाईच्या कारखान्यात दहा-दहा तास उभी राहतेस. दाजी दिवसभर घरात बसून पंखा, नळ, शेजाऱ्यांचे मिक्सर, दिसेल ते दुरुस्त करत असतात. 'आता घरात मोडकं काही उरलंच नाही रे,' असं तू हसत म्हणालीस आणि मीही हसलो.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि तुझ्या लग्नाला चार महिने झाले होते. पत्र्याच्या पेटीसकट मला दारात बघून दुसरा एखादा नवरा काय म्हणाला असता कोण जाणे. दाजी म्हणाले, 'चला, आता पत्ते खेळायला तिसरा गडी मिळाला.' तेरा वर्षं मी तुमच्याकडे राहिलो. दाजी लांबच्या फेरीवरून परतले की आधी माझं पुस्तक बघायचे, मग अंघोळ. पुस्तकात माझं डोकं चालत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनीच मला गॅरेजात लावलं. पाना कसा धरायचा, इंजिनाचा आवाज डोळे मिटून कसा ऐकायचा, हे मी आधी त्यांच्याकडून शिकलो. त्यांनी एकदाही कधी उपकार बोलून दाखवले नाहीत. बोलून दाखवले असते तर बरं झालं असतं, ताई. भांडता तरी आलं असतं.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्यावर त्यांनी स्वतःची घ्यायची ठरवली, तेव्हा ते दुसऱ्या कुठल्या दुकानात जाणार होते? मी इथे जुन्या ट्रकांच्या आवारात मिस्त्री, तोही मालकांच्या मर्जीतला. तो निळा ट्रक त्यांनी फाटकातूनच हेरला. तुला वाटतं की तो ट्रक नशिबानं वाईट निघाला. नाही. तो वाईट होता हे मला माहीत होतं. इंजिनाच्या ब्लॉकला बोटभर चीर होती. मीच ती लोखंडी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली, वर रंग मारला आणि आवाज दबावा म्हणून जाड ऑइल भरलं. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवली तर हा आजार समजत नाही. भार घेऊन चढण लागली, की मग समजतो.

दाजी कच्चे नव्हते. त्यांनी ऑइलची काडी काढून वास घेतला, बोटांत चोळून बघितलं. म्हणाले, 'जरा घट्ट वाटतंय रे.' नंतर खिशातून बॅटरी काढून ते इंजिनाखाली वाकले. आणखी वीतभर आत सरकले असते तर त्यांना नवा रंग दिसला असता. मी म्हणालो, 'दाजी, गरम आहे, हात भाजेल.' ते तसेच वाकलेल्या अवस्थेत थांबले, मान वळवून त्यांनी विचारलं, 'तू बघितलीस ना नीट?' मी हो म्हणालो. त्यांनी बॅटरी विझवली. बरोबर बाहेरचा एक मिस्त्री आणला होता, तो रस्त्यापलीकडे चहा पीत होता. त्याला त्यांनी तिथूनच हात केला, जा म्हणून. घरचा माणूस सांगतोय, मग परक्याला कशाला. मालकांनी कागद पुढे केला. गाडी आहे तशी पाहून, तपासून, समजून घेतली आहे, असं त्यावर लिहिलेलं. दाजींनी न वाचता सही केली.

मालकांनी मला धमकावलं होतं असं तुझ्या मनात येईल. कुणी धमकावलं नाही. त्या दिवशी मालक 'हा तुझा माणूस आहे, हवं तर दुसरी दाखव,' असंही म्हणाले होते. दाजी वाकून माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं भलं-बुरं माझ्या तोंडात होतं. त्या घटकेला मला फार बरं वाटलं. का वाटलं ते मला अजून सांगता येत नाही, पण वाटलं.

नवव्या दिवशी फरशा भरून घाट चढताना इंजिन जाम झालं. दोन दिवस ते मालाची राखण करत रस्त्याकडेला बसले होते, हे तुला माहीत आहे. ओढून आणलेल्या ट्रकाबरोबर ते आवारात आले, तेव्हा काय झालं ते त्यांनी तुला सांगितलं नसणार. सकाळी आलेल्या माणसाला मालकांनी दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मग सगळ्या कामगारांसमोर मला बोलावलं. 'सांग रे, गाडी दिली तेव्हा इंजिन कसं होतं?' मी म्हणालो, 'ठणठणीत होतं.' 'मग बिघडलं कसं?' मी म्हणालो, 'रेडिएटरचं पाणी न बघता चालवली असेल.' कुणीतरी मागून फिदीफिदी हसलं. सव्वीस वर्षं जो माणूस तोंड धुवायच्या आधी गाडीचं पाणी बघतो, त्याला मी हे बोललो. ते फक्त मला म्हणाले, 'तुझा हात कापलाय, पट्टी बांध.' खरंच कापला होता. मला कळलंही नव्हतं.

त्यानंतर तुम्ही ग्राहक मंचात गेलात. तपासनीस इंजिन बघायला येणार हे समजल्यावर मी ते आदल्या दिवशी भरदुपारी खोललं आणि चिरेतली सगळी लांबी खरवडून काढली. रंग घासून टाकला. त्याला दिसली ती नुसती तडकलेली चीर. त्यानं लिहिलं, पाण्याअभावी इंजिन तापलं, चूक चालवणाऱ्याची. मंचासमोर मी शपथेवर तेच सांगितलं. तू मागच्या रांगेत बसली होतीस. सुनावणी संपल्यावर तू जिन्यात मला गाठलंस आणि माझ्यासाठी वेगळा आणलेला डबा हातात दिलास. 'नोकरी आहे, बोलावं लागतं, मला कळतं,' असं म्हणून तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तुला वाटत होतं की मी फक्त मालकाची बाजू घेतली. आतलं तुला काहीच ठाऊक नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसून तो डबा संपवला, ताई. भूक लागली होती. तुझ्या हातचं होतं.

दावा फेटाळला गेला. ट्रक मालकांनी भंगाराच्या भावात परत घेतला, मी त्याला दुसरं इंजिन बसवलं आणि तो महिन्याभरात विकला गेला. आता माझ्या हाताखाली सहा मिस्त्री आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गुरुवारी दाजी इथे आले होते. विकलेल्या गाड्या गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायला चालक हवा आहे, त्यासाठी. इस्त्रीचा शर्ट, परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीत. मालक खूश झाले. जो आपल्याशी भांडला तोच आपल्या दारात आला, याची त्यांना मौज वाटली. म्हणाले, सोमवारपासून या. तुझा फोन त्याच आनंदात होता, 'तुझ्याच शब्दानं काम झालं,' असं म्हणून माझे आभार मानत होतीस. मी शब्द टाकला, ताई, पण दाजी फाटकाबाहेर गेल्यावर. मालकांना म्हणालो, त्यांना उजव्या डोळ्यानं नीट दिसत नाही, घरातला आहे म्हणून सांगतो, जोखीम घेऊ नका. त्यांचा डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे. मालकांनी लगेच ओळखीच्या तीन-चार ट्रकवाल्यांनाही फोन करून सावध केलं, तेव्हा आता त्यांना दुसरीकडेही कुणी गाडी देईल असं वाटत नाही. ते इथे आले असते तर रोज सकाळी माझ्याजवळ येऊन 'काय रे, जेवतोस ना वेळेवर?' असं विचारलं असतं, आणि मनापासून विचारलं असतं. ते मला सोसणार नाही. हे पत्र आजच पोराच्या हाती धाडतोय, सोमवारी त्यांना पाठवू नकोस. फाटकावर मी सांगून ठेवलंय, आत सोडणार नाहीत.

तुझाच, असं म्हणायची जुनी सवय आहे म्हणून,
धाकटा