मान वाकेल तेवढा कोन

ता. ३ फेब्रुवारी

चि. विसरभोळीस अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी आहे. दुसऱ्या मजल्यावर राहते, गुडघे दुखतात, दात चार. आठवत असेल तर पुढचं वाच, नसेल तर पत्र शेजारणीला दे. छत्री इथे विसरलीस, चष्म्याचं घर इथे विसरलीस आणि महिनाभर मलाही इथेच विसरलीस. केक पोचला. चौकोनी डब्यात गोल केक कोंबला होतास, तेव्हा चमच्याने भुगा खाल्ला.

तुझी आई म्हणत होती, कचेरीच्या गणिताच्या परीक्षेत दोनदा आपटलीस. तिसऱ्यांदा आपटलीस तर नकाशे काढायची जागा जाणार आणि मावशीच्या दुकानात बटणं विकत बसावं लागणार. बटणांचं काही वाईट नाही गं, पण दिवसभर मावशीशेजारी बसायचं म्हणजे जन्मठेप. रेघा ओढायला तर तू चालायच्या आधी शिकलीस, माझ्या भिंती साक्षीला आहेत. मग अडतं कुठे? चुकलेली चित्रं पाठव. मला अक्षर येत नाही, पण तुझे रंगारी आजोबा वर आणि मी खाली शिडी धरून, अशी तीस वर्षं काढली आहेत. तिरकं काय नि सरळ काय, एवढं कळतं.

लिहून घेणारी खालची शिंपीणबाई. तिचं अक्षर तिच्या टाक्यांसारखं, मधेच उसवतं. (हे मी नाइलाजाने लिहिलं आहे. – शिंपीण)

लोभ आहे, तेवढा तरी विसरू नकोस.

तुझी आजी


ता. १२ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

छत्री तुला लागेल म्हणून मुद्दाम ठेवली होती. तुला पटणार नाही हे माहीत आहे, मलाही पटलेलं नाही.

दोन चित्रं पाठवते. पहिल्यात साठ फूट उंच इमारत आहे. गच्चीवरून एका बाईला रस्त्यावर उभी सायकल दिसते, अवनत कोन तीस अंशांचा. सायकल इमारतीपासून किती लांब, असा प्रश्न. मी अकरा खिडक्या काढल्या, पडदे काढले, कुंडीत फूलही काढलं. शिकवणीचे सर म्हणाले, चित्र भिंतीवर लावण्यासारखं आहे आणि उत्तर केराच्या डब्यात टाकण्यासारखं. माझं आलं पस्तीस फूट, खरं आहे एकशे चार. तीस अंश मी भिंतीला चिकटवून काढले. चुकलं ते कळतं, का चुकलं ते कळत नाही. दुसरं शिडीचं, तेही चुकलं.

सूत्रं सगळी पाठ आहेत गं. पण इमारत हा शब्द वाचला की हात खिडक्याच काढायला लागतो. परीक्षा दोन मार्चला. आई म्हणाली, मावशीने माझ्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलंय. भीती वाटते.

तुझी,
विसरभोळी


ता. १८ फेब्रुवारी

चि. विसरभोळीस आशीर्वाद.

शिंपीणबाईने प्रश्न वाचला आणि मी चित्र बघितलं. मग तिला सायकल देऊन रस्त्यावर उभं केलं आणि गुडघ्यांना शिव्या देत मी गच्चीवर गेले. झाडू डोळ्यापाशी धरला, समोर, अगदी आडवा. मग सायकल दिसेपर्यंत त्याचं टोक खाली आणलं. झाडू जेवढा वाकला, तेवढा तुझा कोन. लोक विचारत होते, म्हातारी वर काय करते. शिंपीणबाईने सांगितलं, माशा मारते.

माणूस उंचावर गेला की आधी समोर बघतो, मग मान खाली घालतो. मान वाकेल तेवढा कोन. तू तो भिंतीपासून मोजलास. म्हणजे ती बाई आधी स्वतःच्या पायांकडे बघत होती आणि मग तिने मान वर केली. अशी बाई गच्चीवरून पडायची.

तुझी शिडीही तसलीच. भिंतीला इतकी चिकटलेली की वरचा माणूस पाठीवर येईल. तुझे आजोबा असेच आले. मी म्हटलं होतं, शिडीचे पाय बाहेर घ्या. ते म्हणाले, एक अक्षर येत नाही आणि मला शिकवतेस. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. त्या प्लास्टरवर मी कोळशाने शिडी काढून ठेवली, चार हात वर तर एक हात बाहेर. रोज सकाळी डोळे उघडले की तीच दिसायची.

तेव्हा आधी जमीन, मग भिंत, मग डोळा, मग डोळ्यातून आडवी रेघ. प्रश्न एकेक शब्द ऐकायचा आणि एकेक रेघ ओढायची. मला वाचता येत नाही, म्हणून पुढे पळता येत नाही. तुला येतं, तोच घोटाळा आहे. आणि शिडी प्रश्नात सांगितली असेल तशीच काढ, आपल्याला हवी तशी नाही. पडदे पास झाल्यावर.

आमचा लोभ धरून ठेव, दोन्ही हातांनी.

तुझी आजी


ता. २१ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

पहिलाच प्रश्न दीपगृहावरून दिसणाऱ्या होडीचा आला. मी डोळे मिटून मान आधी समोर धरली, मग खाली घातली. मागे उभ्या पर्यवेक्षकांना वाटलं मी पुढच्या मुलीचं बघते. त्यांनी उचलून पहिल्या बाकावर बसवलं. तिथेही मान वाकवली. एकही खिडकी काढली नाही. दीपगृह अगदी बोडकं ठेवलं, वाईट वाटलं.

शेवटी शिडी आली, जमिनीशी पंचेचाळीस अंश. तुझी शपथ, पंचेचाळीसच काढले आणि उत्तरही काढलं. पण मग राहवेना. खाली लिहिलं, या शिडीवर माणूस चढवू नये, पाय सरकतील.

काल साहेबांनी बोलावलं. त्या ओळीखाली लाल रेघ होती. मनातल्या मनात मी मावशीच्या स्टुलावर जाऊन बसलेसुद्धा. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात नाही, दुसऱ्या मजल्यावर आहे.  ते म्हणाले, गणितात सल्ला मागितलेला नसतो, म्हणून अर्धा गुण कापलाय. बाकी शंभरात साडेएकसष्ट.

आजी, सोमवारपासून मी कायम. पहिलं काम दिलंय ते रंगकामाच्या शिड्या कुठे आणि कशा लावायच्या, त्याचा नकाशा.

तुझी


ता. २७ मार्च

चि. नकाशेवालीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचून घेतलं. दोनदा आनंदासाठी, एकदा शिंपीणबाईने काही गाळलं नाही ना ते बघायला. ती रडली. मी नाही रडले, मला कांदा चिरायचा होता, त्यात भागलं. आजोबा असते तर म्हणाले असते, पोरगी माझ्यावर गेली. मी म्हटलं असतं, पडण्याच्या बाबतीत गेली होती, आता नाही.

साहेबांना सांग, पंचेचाळीसच्या शिडीवर त्यांनी स्वतः चढून बघावं, खाली धरायला मी यायची नाही. मावशीचं स्टूल मला पाठवून दे, गुडघ्यांना बरं.

लोभ होता तिथेच आहे, तू तुझा घसरू देऊ नकोस. आणि केक पाठव, मऊ, बदाम न घातलेला. आधी डब्याची आकृती काढ, मग केक काप.

तुझी आजी