हळूच मांगलेली दुआ

रिसोड

लिलाबाई,

तुले सलाम अन् जयभीम. तू लेकाकडं पुण्याले गेली, तवापासून ओट्यावर मी एकटीच बसतो.

आमचा बुढा आता ठार बहिरा झाला. रोज सांजीले, मगरीबच्या नमाजीनंतर आपून हळूच दुआ मांगतो, असं त्याले वाटते. ऐकते सारी गल्ली! "या अल्लाह, जाड भाकरीपायी शमशादले पाव्हण्यायसमोर रडवलं. माफ कर."

आमच्यात, ज्याचं मन दुखवलं त्यानं आंधी माफ करा लागते, मंग अल्लाह करते. पण मले 'माफ कर' म्हणायले लाजते बुढा.

मी तर कवाच माफ केलं. चुलीपाशी बसून आमीनबी म्हणतो. पण सांगत नाही. तू फोनवर गल्लीत कोणाले बोलून देशीन, म्हणून हे पत्रबी धाडत नाही. त्याले समजलं, तर उद्यापासून दुआत माझं नाव कोण घेईन?

तुझी शेजारीण,
शमशाद