गल्लीतल्या विहिरींसाठी एक सॉफ्टवेअर बसवू द्या

प्रति,
मा. प्रमुख,
संगणक कक्ष,
भूजल तपासणी कार्यालय.

विषय : भूजल-मॉडेलचे सॉफ्टवेअर माझ्या संगणकावर बसवण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : याच विषयावरचे माझे मागील अर्ज, जे आपल्याकडे पोचले आणि तिथेच बसले.

महोदय,

१. मी या कार्यालयात गणना सहायक आहे. बस आगाराच्या जमिनीखालची डिझेलची टाकी गळते, हे आगाराने लेखी कबूल केले आहे. खालच्या गल्लीत तीन विहिरी असून तिथली घरे तेच पाणी पितात. डिझेल कुठल्या विहिरीत कधी पोचेल हे मॉडेल चालवून काढणे, हे काम मला दिलेले आहे. मी मागून घेतलेले नाही.

२. मॉडेलचे सॉफ्टवेअर फुकट आहे, सरकारमान्य आहे. पण बसवताना संगणक प्रशासकाचा पासवर्ड मागतो, आणि तो आपल्या कक्षाकडे आहे. तो मागायला मी आपल्या कक्षातल्या नानांकडे गेलो. ते म्हणाले, “अहो, विनंती प्रणालीत टाका ना.” म्हटलं, ती माझ्याकडे उघडत नाही, आधी बसवावी लागते. “मग ती बसवायची विनंती टाका.” कुठे टाकू? “प्रणालीत!” नाना हे थट्टेने म्हणाले नाहीत. त्यांनी मला चहासुद्धा पाजला.

३. या सॉफ्टवेअरची न बसवता चालणारी आवृत्तीही मिळते. नुसती आपल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि चालवायची. मी तेच केले. कुठलाही नियम मोडला नाही, हवे तर तपासा. मॉडेल सुरू झाले. पण हिशेब दिवसभरात पुरा होत नाही, आणि आपल्या आदेशानुसार प्रत्येक संगणक बंद होताच धुऊनपुसून पहिल्यासारखा कोरा होतो. म्हणून मी तो बंदच केला नाही. तर संध्याकाळी रखवालदारांनी मुख्य बटण खाली केले. विनवले तर म्हणाले, “वीज वाचवायचा हुकूम आहे, दादा. मशीनला झोपू द्या, तुम्हीपण झोपा.” डिझेलचा पट्टा पहिल्या विहिरीच्या दिशेने सरकत होता, तेवढ्यात पडदा काळा झाला. सकाळी फोल्डरच नव्हते.

४. अर्धा हिशेब कार्यालयाच्या सामाईक साठ्यात ठेवावा, तर तो “अनोळखी प्रकारची फाइल” म्हणून नाकारतो. पेनड्राइव्हवर घ्यावा, तर आपण सगळ्या संगणकांची भोके डिंकाने बुजवली आहेत. घरी नेऊन चालवावे, तर आकडे बाहेर नेल्यास निलंबन. आपण एकेक दार नियमाप्रमाणेच बंद केले आहे, याबद्दल तक्रार नाही. आत माणूस आहे, एवढेच कळवतो.

५. आमच्या विभागप्रमुखांचा आदेश असा की, मॉडेलचा निष्कर्ष जोडल्याशिवाय गल्लीत इशारा द्यायचा नाही आणि कर्मचाऱ्याने तोंडी काही बोलायचे नाही. लोक उगाच घाबरतात म्हणे. विहिरीच्या पाण्याला अजून वास नाही. वास येईपर्यंत थांबायचे असेल तर मॉडेल कशाला हवे, नाक पुरे.

६. त्या गल्लीत माझा थोरला भाऊ राहतो. रविवारी त्याच्याकडे गेलो. उन्हातून चालत आलो होतो. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला. मी घेतला नाही. “काय हो भाऊजी, आमच्या घरचं पाणी कधीपासून चालेनासं झालं?” म्हणून त्या हसल्या. मी म्हटलं, तहान नाही. माझ्या मानेवरून घाम गळत होता. वहिनींचे हसू थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी पेला मोरीत ओतला. मुलांच्या शाळेच्या बाटल्या भरून ठेवल्या होत्या, त्याही एकेक करून ओतल्या. डिझेलबद्दल मी अवाक्षर काढले नाही. आदेशाचे पालन झाले आहे, याची नोंद घ्यावी.

७. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, “आणि शेजारी हो? त्यांच्या तर घरात बाळंतीण आहे.” मी चपला घालत राहिलो.

८. सबब विनंती की, आपल्या कक्षातल्या कोणीही माझ्या टेबलापाशी येऊन पासवर्ड टाकावा. मी तो पाहणार नाही, तोंड भिंतीकडे करून उभा राहीन. आणि हिशेब पुरा होईपर्यंत मुख्य बटणाला हात लावू नये, असे रखवालदारांना लेखी द्यावे.

९. हे होईपर्यंत, कार्यालय सुटल्यावर, मी त्या गल्लीत शेजारच्या घरापासून सुरुवात करून प्रत्येक दारात जाणार आहे. पाणी मागेन. पेला हातात घेईन, घरच्या माणसाच्या डोळ्यांत बघेन आणि न पिता परत देईन. बोलणार काहीच नाही. हे कोणत्या नियमाखाली निषिद्ध आहे ते कृपया कळवावे. कळवेपर्यंत बरीच घरे होतील.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
गणना सहायक
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे