जहाजतळावर एकच जागा

आत्या,

तुझ्या तेराव्याला मी चारचौघांत जे सांगितलं, ते चूक होतं. मी म्हणाले, मी तुला खेळात हरवलं तेव्हा तू मला शाब्बास म्हणालीस. मी तुला कधीच हरवलं नाही. शाब्बास तू एकदाच म्हणालीस, तेही दुसऱ्याच गोष्टीसाठी.

पाचवीपर्यंत तू मला घरीच शिकवलंस. सकाळी पाढे, भूगोल. दुपारी कॉम्प्युटरवरचा अंतराळातला खेळ. तुझे ग्रह, माझे ग्रह, आळीपाळीने डाव. धावडा गावच्या घरात मागच्या खोलीत तू तुरीच्या शेंगा सोलत बसली आहेस आणि मी पडद्यासमोर घाम पुसते आहे. माझ्या जहाजतळावर एका वेळी एकच जहाज बांधता येतं. एकतर धान्य आणणारं मालवाहू, नाहीतर लढाऊ. धान्य आलं नाही तर माझे लोक उपाशी. लढाऊ जहाज नसलं तर तू येऊन लुटणार. चुकायची भीती इतकी, की मी एक हे, एक ते, असं आलटूनपालटून बांधायचे.

"निम्मं निम्मं करून राह्यली का? बराबर आईवर गेली," तू मोठ्याने म्हणायचीस. "तिनंबी माहेर सोडलं न्हाई अन् सासर धरलं न्हाई." स्वयंपाकघरात आईचा भाकरी थापायचा आवाज थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. तू हात झटकून उठायचीस आणि माझी धान्याची जहाजं एकेक करून फोडायचीस. मी रडले तर डाव पहिल्यापासून.

एका दुपारी मी मालवाहू जहाज बांधलंच नाही. सगळी लढाऊ. माझ्या लोकांचा आकडा उतरत गेला. मी म्हणाले, "मरू दे. लोक काय, परत होतेत." तू टोपली बाजूला सारलीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. "शाब्बास. आता आली अक्कल." तो डावही मी हरले. पण त्या एका हातासाठी पुढे मी अख्खे ग्रह उपाशी मारले.

आता भावाची पोरगी मला आत्या म्हणते. भाऊ म्हणाला, "तू शिकलीस तशीच हिला घरी शिकव." मी तोच खेळ लावून दिला. वाटलं, मी मऊ आहे, माझ्या हातून तसं व्हायचं नाही. परवा मी तिची तिन्ही मालवाहू जहाजं फोडली.

"आत्या, त्याच्यात नुसता गहू होता."

"मंग राखण ठेवायची," मी म्हणाले, हुबेहूब तुझ्या आवाजात.

काल तिने फक्त लढाऊ जहाजं बांधली. तिचे लोक संपत आले तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, मी रडले न्हाई." आणि थांबली, कशाची तरी वाट बघत. कशाची ते मला ठाऊक होतं. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

तू वाचणार नाहीस म्हणूनच हे लिहिता येतंय: मला बरं वाटलं होतं, आत्या. ती माझ्याकडे तशी बघत होती, ते मला आवडलं होतं. भावाला अजून सांगितलेलं नाही. तो चिडेल. सोमवारी गावातली शाळा उघडते. सोमवारी सकाळीच मी तिचं नाव घालून येणार आहे.